‘आणि त्याची बायको’

शेजारच्या आजोबांनी तो फोटो माझ्यासमोर सरकवला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली. फोटो थडग्यावरच्या एका जुन्या दगडाचा होता. उन्हाळ्यातल्या वादळात मेपलची फांदी पडून त्याचे दोन तुकडे झाले होते. वरच्या तुकड्यावर एका पुरुषाचं नाव, पहिलं, मधलं, आडनाव, अगदी साग्रसंगीत. खालच्या तुकड्यावर तीनच शब्द: ‘आणि त्याची बायको’. संपलं. पुढे काही नाही.

“हिचं नाव काय?” मी विचारलं.

“तेच माहीत नाही,” आजोबा म्हणाले. “म्हणून तर तुला बोलावलं.”

हे आजोबा म्हणजे कॅनडातल्या ओटावाच्या कडेला, कनाटामधले आमचे शेजारी. आम्ही इथं घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला ड्राइव्हवे शोव्हल करताना बघून त्यांना त्याची दया आली, आणि कंबर न मोडता बर्फ कसा उचलायचा ते त्यांनी त्याला शिकवलं. तेव्हापासूनची ही ओळख. नोकरीत असताना ते जमीन मोजणीचं काम करायचे. बायको गेल्यापासून घरात एकटेच. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात आयर्लंडहून बोटीनं आले आणि इथून तासाभरावरच्या खेड्यात जंगल तोडून शेती करू लागले. दगडावरची ती बिननावाची बाई म्हणजे आजोबांच्या आजीची आजी. बोटीतून उतरली, दोन मुली आणि एक मुलगा अशी तीन लेकरं कशीबशी जगवली आणि काही वर्षांत गेली.

लहानपणी आजोबा दर उन्हाळ्यात आजीबरोबर तिथं गवत उपटायला जायचे. त्यांची आजी दर खेपेला म्हणायची, “हिचं नाव तेवढं कळायला हवं होतं रे.” आजी तशीच गेली. आता आजोबांनी ऐंशी ओलांडली होती, घर विकून झालं होतं, आणि बर्फ पडायच्या आत मुलगा त्यांना पार दूरच्या एडमंटनला घेऊन जाणार होता. तुटलेल्या दगडाच्या जागी नवा बसवायचा तर जमीन गोठण्याआधीच. दगड कोरणाऱ्यानं फोनवर विचारलं, “मजकूर जुनाच ठेवू ना?” आणि आजोबांच्या तोंडून ‘हो’ निघेना.

“मी गेल्यावर तिथं कोण जाणार आहे?” ते मला म्हणाले. “मी ‘बायको’ लिहून गेलो, तर ती कायमची बायकोच राहील.”

आता हे काम त्यांनी मलाच का सांगितलं? तर आमच्या महाराष्ट्र मंडळात मी लग्नं जुळवते. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, पण खरी हौस ती. नुसतं आडनाव सांगा, गाव कुठलं, मामा कोण, मोठ्या बहिणीला कुठं दिलंय, सगळं काढते की नाही बघा. नवरा मला ‘सीआयडी’ म्हणतो. आजोबांनी हे आमच्या दिवाळीच्या फराळाला ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं.

आणि मला एवढा राग का आला, तेही सांगून टाकते. लग्नात माझं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. मला कुणी विचारलंही नाही. नवं नाव वाईट नाही, आता अंगवळणी पडलंय. पण जुन्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करत कमी होतात तेव्हा कसं वाटतं, ते मला विचारा. त्यामुळे त्या दगडावरचे तीन शब्द वाचून मी तिथल्या तिथं बोलून गेले, “आजोबा, मी हिचं नाव शोधून देते. लिहून घ्या.”

मोठ्या तोंडानं बोलून तर बसले. मग कळलं की आयरिश माणसाचं कूळ शोधायचं म्हणजे कपाळमोक्ष आहे. शंभरेक वर्षांपूर्वी डब्लिनमध्ये यादवी पेटली, तेव्हा सरकारी दप्तरखान्याला आग लागून शतकांचे कागद गेले. जुन्या जनगणनेतले काही कागद तर त्याआधीच सरकारनं रद्दीत घालून लगदा करून टाकले होते! हे वाचलं तेव्हा मी स्क्रीनकडे बघून अशा काही शिव्या दिल्या की नवरा बेसमेंटमधून धावत वर आला. चर्चच्या वह्या तेवढ्या बऱ्याच वाचल्यात. त्यांचे फोटो इंटरनेटवर फुकट बघता येतात, पण शाई पसरलेली, पानं फाटलेली, आणि पाद्रीबाबाचं अक्षर म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर कडी. इकडे कॅनडातही तीच रड. त्या खेड्यातलं लाकडी चर्च जळालं, त्यात त्याची वही जळाली. ती बाई जिवंत असतानाच्या जनगणनेतले नेमके त्याच भागाचे कागद गहाळ. नंतरच्या जनगणनेत नवऱ्याच्या घरात बायको सापडली, पण ती दुसरी. पठ्ठ्यानं दुसरं लग्न केलं होतं.

“हिच्यामागं हात धुऊन लागलंय कुणी तरी,” मी म्हणाले.

तरी मला मजा येऊ लागली. दर शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन आजोबांकडे जायचे. ते काळाकुट्ट चहा करायचे, मी त्यात माझं आलं किसून घालायचे, आणि आम्ही दोघं त्या वह्यांची पानं चाळत बसायचो. त्या वह्यांमध्ये बाळाच्या नावापुढे आईचं लग्नाआधीचं आडनाव लिहिलेलं असतं. ते बघून मी टेबलावर थापच मारली. “आजोबा, माहेर लिहिलंय हो! मग काय घाबरायचं!” आजोबांना माहेर म्हणजे काय ते समजावून सांगताना अर्धा तास गेला. इंग्रजीत त्याला शब्दच नाही, बिचाऱ्यांना.

पानझड सुरू झाली आणि एका शनिवारी मला माणूस सापडला. दगडावरच्या त्या नवऱ्याचं मधलं नाव मी धरून ठेवलं होतं. त्याच नावाचा बाप, तेच आडनाव, काउंटी म्हणजे जिल्हाही बरोबर, आणि त्या बापाचा मुलगा म्हणजे आपला नवरदेव! वय जुळलं. मग पुढच्या पानांत त्या मुलाचं लग्न सापडलं, आणि बायकोचं नाव. पहिलं नाव, माहेरचं आडनाव, सगळं. मी ते मोठ्यानं वाचलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि उठून थेट दगड कोरणाऱ्याला फोन लावला. नाव सांगताना एकेक अक्षर सुटं सुटं करून सांगत होते. मग एडमंटनला मुलाला फोन. “सापडली,” एवढंच म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं.

मी घरी येऊन नवऱ्यासमोर नुसती मिरवत होते. “सीआयडी म्हण आता. म्हण ना.”

आजोबांना निरोपाची भेट म्हणून त्यांची वंशावळ एका मोठ्या कागदावर छान लिहून फ्रेम करायची असं मी ठरवलं. पुढच्या शनिवारी तो कागद त्यांच्याच टेबलावर पसरून बसले. सगळ्यात खाली आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, वरती रेघ ओढली, आणि त्यांच्या वडिलांचं नाव लिहिलं. आजोबांनी चहाचा कप ठेवता ठेवता कागदात डोकावून पाहिलं.

“हा कोण?” त्यांनी विचारलं.

“तुमचे वडील!”

“छे. माझ्या वडिलांचं नाव हे नाही. हा वडिलांचा मित्र, युद्धात गेला. त्याच्या आठवणीसाठी मला हे मधलं नाव ठेवलं.” आणि हसायला लागले. “तुला कुणी सांगितलं हे माझ्या वडिलांचं नाव?”

कुणीही सांगितलं नव्हतं. नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. जन्मापासून शाळेचा दाखला, रेशन कार्ड, लग्नाची पत्रिका, सगळीकडे तेच वाचत आलेली मी. मधलं नाव दिसलं की हात आपोआप बाप लिहितो. इतकी वर्षं कॅनडात काढली, ऑफिसात रोज या लोकांची मधली नावं बघते, मला काय हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण कूळ काढायला बसले आणि डोकं सरळ गावी जाऊन पोचलं.

आणि मग मी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण दगडावरच्या त्या नवऱ्याचा बापही मी असाच शोधून काढला होता. मधल्या नावावरून. मी पकडलेला नवरदेव भलताच कुणी तरी होता, आणि ती बायकोही भलत्याचीच. आयर्लंडमध्येच सुखानं नांदून तिथंच गेली असेल बिचारी.

“आजोबा,” मी म्हणाले, “दगड कोरून झाला का हो?”

“सोमवारी घेणार आहे कोरायला. का?”

सांगितलं.  त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी असते तर केला असता. ते उठले, फोन लावला, आणि दगड कोरणाऱ्याला म्हणाले, “थांब. ते नाव नको.” मग खिडकीशी उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “दुसऱ्या बाईचं नाव तिच्या डोक्यावर ठेवण्यापेक्षा ‘बायको’ बरं. निदान ते खरं आहे.”

घरी येऊन मी धुसफुसत राहिले. नवऱ्यानं एकदा चुकून “अगं, सोड ना आता” म्हटलं, आणि मी त्याच्यावर अशी घसरले की तो विंटर टायर बदलायचं निमित्त काढून बाहेर पडला. बाहेर एकेक झाड उघडंबोडकं होत चाललं होतं. सकाळी गवतावर पांढरं पडायला लागलं होतं. जमीन गोठायला फार वेळ उरला नव्हता. मला सारखं वाटत होतं, मी आशा दाखवली नसती तर आजोबांना एवढं लागलं नसतं.

शेवटी एका संध्याकाळी गरम थालीपीठं बांधून घेतली आणि त्यांचं दार वाजवलं. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. आजोबांनी थालीपीठाचा तुकडा मोडला, वरचं लोणी बोटानं पसरलं, आणि मी काही तरी विषय काढायचा म्हणून विचारलं, “तुमच्यात बाळाचं नाव कोण ठेवतं हो? आमच्यात आत्या ठेवते. पाळण्यात घालून कानात कुर्र करते.”

“ठेवायचं काय त्यात?” ते म्हणाले. “आमच्या जुन्या लोकांत ते आधीच ठरलेलं असायचं. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेणार. पहिली मुलगी आईच्या आईचं. दुसरी मुलगी बापाच्या आईचं. माझी आजी सांगायची. आता कोण पाळतंय!”

माझा घास तोंडातच राहिला.

“आजोबा,” मी म्हणाले, “पहिली मुलगी कुणाचं नाव घेणार म्हणालात?”

“आईच्या आईचं.”

“मग तुमच्या या बाईला दोन लेकी होत्या ना? त्या लेकींच्या थोरल्या मुलींची नावं काय?”

 आजोबांनी ताट बाजूला सारलं आणि बांधून ठेवलेल्या खोक्यातून चहाचे कप परत बाहेर काढले.

ती बाई कागदात कुठंच नव्हती. पण तिची मुलं होती. मोठी झाली, आपापल्या घरी नांदली, आणि पुढच्या जनगणनेत त्यांच्या घरातलं प्रत्येक पोर वयासकट लिहिलेलं होतं. तेवढे कागद कुणी जाळले नव्हते. थोरल्या लेकीचं घर शोधलं. तिची पहिली मुलगी, एक नाव. धाकट्या लेकीचं घर, दोन गावं पलीकडे. तिचीही पहिली मुलगी, तेच नाव. मग मुलाचं घर. त्याच्याकडे दुसऱ्या मुलीनं बापाच्या आईचं नाव घ्यायला हवं. बोट खाली सरकवलं. दुसरी मुलगी. तेच.

“ही तर माझ्या आजीची मोठी बहीण,” आजोबा हळूच म्हणाले. “पश्चिमेकडे गेली ती परत आली नाही. आजी सगळ्यात धाकटी. तिच्या बापानं स्वतःच्या आईचा विषय कधी काढलाच नाही घरात.”

म्हणजे ज्या नावासाठी आजी जन्मभर हळहळली, ते नाव तिच्या घरातच जेवत होतं, खेळत होतं. मला भडभडून आलं. पण या वेळी मी नाचले नाही. एकदा तोंड पोळलं होतं. चुका काढणं ही तर माझी रोजीरोटी. सापडलेली गोष्ट मोडून बघायची, मोडली नाही तरच खरी. दोन्ही जावयांच्या आयांची नावं शोधली. त्या त्या घरातल्या दुसऱ्या मुलींना बरोब्बर तीच नावं होती. म्हणजे या माणसांनी ती रीत पाळली होती. सावत्र आईचं नाव बघितलं, ते वेगळंच. आणि हे नाव त्या खेड्यात आणखी कुणाकुणाचं होतं तेही पाहिलं. बाकी कुणाचंही नव्हतं. मोडायचं तेवढं मोडून पाहिलं, पण ते काही मोडलं नाही.

“हिचं नाव हेच,” मी म्हणाले.

आजोबांनी मान हलवली. ‘हो’ अशी नव्हे, ‘नाही’ अशी.

“कुणी लिहून ठेवलेलं नाही,” ते म्हणाले.

“अहो, तीन घरांनी सांगितलंय!”

“त्यांनी मुलींची नावं सांगितली. आईचं नाही. आपण अंदाज करतोय. गेल्या वेळीही अंदाजच होता.”

ते झोंबलं. मी उठूनच उभी राहिले. “माझं चुकलं, हजारदा चुकलं! पण म्हणून तिच्या लेकींचं खोटं पडतं का? आई मेली तेव्हा केवढ्याशा होत्या त्या! घरात सावत्र आई आली, बाप आईचं नाव काढेना, चर्चची वही जळाली. आणि तरी दोघींनी, वेगवेगळ्या गावात, पहिली लेक मांडीवर घेतली आणि आईला हाक मारली. अजून कुणाची सही हवीय तुम्हाला?”

 आजोबा म्हणाले, “मी जन्मभर जमिनी मोजल्या. जुन्या हद्दीची खूण सापडली नाही, तर ‘खूण इथं होती’ असं मी कधी लिहिलं नाही. खोटं लिहिलं की पुढच्या माणसाचं शेत चुकतं.”

“मग काय लिहायचात? कोरं सोडायचात?”

“कोरं कसं सोडीन? कुठून मोजली ते लिहायचो. अमुक झाडापासून, तमुक दगडापासून. म्हणजे पुढच्याला वाटलं तर तो ताडून बघेल.”

“मग लिहा ना तसंच!” मी जवळजवळ किंचाळलेच. “नाव लिहा, आणि कुठून मोजलं तेही लिहा!”

 आजोबांनी पेन्सिल घेतली, एका खोक्याच्या झाकणावर काही तरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मला दाखवलं नाही. फोन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लावला.

दगड बसवला त्या दिवशी असा बोचरा वारा होता की माझ्या डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं. आम्ही तिघंच गेलो होतो, आजोबा, नवरा आणि मी. शेतांच्या मधोमध ती लहानशी स्मशानभूमी, एका बाजूला जळालेल्या चर्चचा नुसता पाया. माणसं दगड बसवून, माती दाबून निघून गेली. माती वरून कडक झालीच होती. आणखी आठवडा गेला असता तर पहार लागली नसती.

मी पुढे होऊन वाचलं. वर नवऱ्याचं नाव, जसं होतं तसं. खाली ‘आणि त्याची बायको’ नव्हतं. तिचं नाव होतं, नवऱ्याच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत. आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘हे नाव तिच्या लेकींनी आपल्या लेकींना ठेवलं, त्यावरून समजलं.’

मला हुंदकाच फुटला. नवऱ्यानं खिशातून रुमाल काढून दिला. 

आजोबांनी टोपी काढली. त्या थंडीत, उघड्या डोक्यानं, गुडघे कुरकुरत होते तरी खाली वाकले. मला वाटलं, प्रार्थना म्हणतील. पण त्यांनी दगडावर हात ठेवला आणि तिला नावानं हाक मारली. दार उघडून आतल्या खोलीतल्या माणसाला मारतात ना, तशी. मग तिथंच हात टेकून थोडा वेळ थांबले. आम्हीही थांबलो.